पंचवीस मीटर मागे: किमरिजच्या टेहळणी मनोऱ्याचं प्रकरण

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, किमरिज नावाचा एक छोटा उपसागर आहे. त्याच्या पूर्वेला हेन क्लिफ हा कडा आणि कड्यावर एक गोल मनोरा. नाव क्लॅव्हेल टॉवर. २००६ साली हा मनोरा दगड-दगड उतरवायला घेतला आणि २००८पर्यंत तो २५ मीटर मागे, जमिनीच्या बाजूला, पुन्हा उभा राहिला. दगड होते १६,२७२ आणि खर्च आला ८,९८,००० पौंड. भागाकार केला तर दगडामागे ५५ पौंड पडतात.

जुन्या इमारतींच्या कामात असलेल्या माणसाला हा आकडा ऐकून आधी हेवा वाटतो आणि मग शंका येते. एका पडक्या मनोऱ्यासाठी इतका आटापिटा कशाला? माझं मत आधीच सांगून टाकतो. या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट दगड हलवण्याचं कसब नाही. मनोरा कसा वाचवायचा आणि वाचल्यावर त्यात राहणार कोण, हे दोन प्रश्न इथे एकाच टेबलावर, एकाच वेळी सोडवले गेले. आपल्याकडे पहिल्या प्रश्नाची समिती एक, दुसऱ्याची दुसरी, आणि दुसरी सहसा पहिलीचं काम संपल्यावर नेमली जाते. अलीकडच्या व्यवहारातल्या व्यक्तींची नावं पुढे दिलेली नाहीत. ती नसल्याने काही अडतही नाही.

पार्श्वभूमी

हा मनोरा मुळात टेहळणीसाठी बांधलेला नाही, हे आधी कबूल करायला हवं. १८३० साली रेव्हरंड जॉन रिचर्ड्स क्लॅव्हेल या धर्मोपदेशकाने तो आपल्या स्मेडमोर इस्टेटीच्या जमिनीवर बांधला. आकाश न्याहाळावं, समुद्र बघावा आणि लांबून लोकांना दिसेल असं काहीतरी असावं, एवढाच हेतू. अशा बांधकामाला इंग्रजीत 'फॉली' म्हणतात, म्हणजे शब्दशः वेडेपणा. मराठीत आपण जरा उदार आहोत, हौसेला मोल नाही म्हणतो. मनोऱ्याची उंची सुमारे ११ मीटर. चार मजले, प्रत्येक मजल्यावर एकच गोल खोली आणि खालच्या भागाला टस्कन शैलीच्या खांबांचं कडं.

हौशी माणसाने जागा मात्र अचूक निवडली होती. ब्रिटनच्या किनारारक्षक दलाची स्थापना १८२२ची आणि त्याचं सुरुवातीचं मुख्य काम चोरटी आयात पकडण्याचं. ब्रँडी, तंबाखू, चहा असा बराच माल फ्रान्सच्या बाजूने रात्रीचा उतरायचा. डॉर्सेटच्या खाचाखोचांच्या किनाऱ्यावर तर तो धंदाच होता. कड्यावर आयता मनोरा मिळाल्यावर किनारारक्षक तो कसा सोडतील? १८८०च्या दशकापर्यंत इथून समुद्रावर नजर ठेवली गेली.

या काळातली एक गोष्ट पुढे उपयोगी पडेल. लेखक टॉमस हार्डी तरुणपणी इथल्या एका किनारारक्षकाच्या मुलीच्या प्रेमात होता आणि दोघं या भागात हिंडायची. १८९८च्या आपल्या कवितासंग्रहात त्याने या मनोऱ्याचं स्वतः काढलेलं रेखाचित्र छापलं. हार्डीचं मूळ शिक्षण वास्तुकलेचं. जुनी चर्चेस 'दुरुस्त' करण्याच्या कामात त्याने उमेदवारी केली होती आणि म्हातारपणी त्या दुरुस्त्यांबद्दल त्याला पश्चात्ताप झाला. पुढचा वाद समजून घेताना हे लक्षात असू द्यावं.

किनारारक्षक गेले आणि १९३०च्या दशकात आग लागली. लाकडी तक्तपोशी आणि जिना जळाल्यावर गोल भिंतीला आतून धरून ठेवणारं काही उरत नाही. वर छप्पर नाही, त्यामुळे पाऊस थेट भिंतीच्या गाभ्यात. संरक्षित इमारतींच्या यादीत मनोरा दुसऱ्या श्रेणीत नोंदलेला होता. पण यादीत नाव असलं म्हणून छपरातून पाणी यायचं थांबत नाही, हे कोणत्याही देशात खरं आहे.

अडचण

मनोरा पडका होता ही अडचण नव्हतीच. पडक्या भिंती चुन्यात सावरता येतात. अडचण पायाखाली होती.

किमरिजचा कडा म्हणजे ज्युरासिक काळातल्या, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या चिखलाचे थर. काळपट, पापुद्र्यांचा शेल खडक आणि मधेमधे टणक पट्टे. या शेलमध्ये सेंद्रिय द्रव्य इतकं की उत्तर समुद्रातल्या खनिज तेलाचा मूळ खडक हाच, आणि याच उपसागराच्या काठावर १९५९ साली खणलेली एक तेलविहीर आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी त्या कालखंडालाच या गावाचं नाव दिलंय. पण इमारत बांधायला याइतका वाईट खडक शोधून सापडणार नाही. उन्हात तडकतो, पावसात सुटतो, आणि खालून लाटा टणक पट्ट्यांमधली मऊ माती ओढून नेतात. मग वरचा भाग लटकतो आणि एक दिवस खाली येतो.

या 'एक दिवस'मध्ये सगळी मेख आहे. धूप वर्षाला अमुक इतके सेंटीमीटर, असं सरासरीत सांगतात. कडा सरासरीने पडत नाही. दहा वर्षं काहीच होत नाही आणि अकराव्या हिवाळ्यात एका रात्रीत काही मीटर जातात. त्यामुळे कड्याची कड आणि मनोरा यांतलं अंतर भागिले धुपीचा दर, असं करून काढलेलं आयुष्य कागदावर ठीक दिसतं, पण त्या भरवशावर खाली पाया घालता येत नाही. एकविसावं शतक सुरू झालं तेव्हा क्लॅव्हेल टॉवर कड्याच्या इतका जवळ आला होता की कडेने जाणारी किनारवाट वापरणाऱ्यांनाही त्याचा धोका होता.

समोरचे पर्याय

कोकणातला कुठलाही माणूस पहिला पर्याय लगेच सांगेल: धूपप्रतिबंधक बंधारा घाला. खाली मोठे दगड टाका, लाटा तिथेच मोडतील. इथे ते जमणार नव्हतं, आणि कारण फक्त पैशाचं नव्हतं. २००१ साली हा सगळा किनारा, सुमारे १५५ किलोमीटर, जागतिक वारसा म्हणून घोषित झाला. कशासाठी? तर कडे ढासळत राहतात म्हणून खडकांचे थर ताजे उघडे पडतात, नवे जीवाश्म दिसतात आणि पृथ्वीच्या इतिहासाची पानं वाचता येतात. म्हणजे जे मनोऱ्याला मारत होतं, तेच इथे जतन करायचं होतं. बंधारा घालून एक वारसा वाचवायचा तर दुसऱ्याचा गळा आवळावा लागणार. संवर्धनातला इतका स्वच्छ पेच क्वचित बघायला मिळतो.

दुसरा पर्याय: आहे तिथेच भिंती सावरायच्या, वर पाणी मुरणार नाही अशी सोय करायची आणि अवशेष म्हणून ठेवायचा. खर्च कमी, परवानग्या सोप्या. भारतात बहुतेक वेळा आपण हेच करतो आणि ते चूक नसतं. पण कडाच जाणार असेल तर हे म्हणजे बुडत्या होडीला रंग देणं.

तिसरा पर्याय, जाऊ द्या. हा ऐकायला कठोर वाटतो, पण तो प्रामाणिक असू शकतो. सफकच्या किनाऱ्यावरचं ऑर्फर्डनेसचं दीपगृह १७९२चं. ते २०१३ साली बंद झालं आणि समुद्र पायथ्याशी आल्यावर २०२० साली पाडून टाकलं. काही लोकांनी ते टिकवायचा खूप प्रयत्न केला होता. समुद्रापुढे एका मर्यादेनंतर हात टेकावे लागतात, आणि त्यात लाज नाही. सगळी नोंद करून, मोजमापं घेऊन, इमारतीला निरोप देणं हेही वास्तुजतनाचंच काम आहे. ते काम कुणी मिरवत नाही, एवढंच.

चौथा पर्याय, अख्खा मनोरा उचलून मागे न्यायचा. हे अशक्य नव्हतं. ससेक्समधलं बेल टाउट हे १८३२चं दीपगृह मार्च १९९९मध्ये जॅक लावून, तुळयांवरून घसरवत १७ मीटर मागे नेलं होतं. पुढे २०१९मध्ये डेन्मार्कने रुबिएर्ग क्नूड दीपगृह रुळांवरून ७० मीटर मागे नेलं. पण बेल टाउट ग्रॅनाइटचं, धडधाकट, राहतं घर होतं. क्लॅव्हेल टॉवर आतून जळालेला पोकळ नळा. उचलायला गेलं तर हातात तुकडे यायचे.

राहिला पाचवा: सुटा करायचा आणि मागे पुन्हा जोडायचा.

निर्णय कुठे अडला, कसा सुटला

जतनाच्या क्षेत्रात इमारत तिच्या जागेवरून हलवणं हे जवळपास पाप समजतात. १९६४च्या व्हेनिस सनदेचं, म्हणजे स्मारकांच्या जतनाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या दस्तऐवजाचं, सातवं कलम सांगतं की स्मारक आणि त्याची जागा वेगळी करता येत नाही. स्मारक वाचवण्यासाठी गरजच असेल तरच ते हलवावं. कलमाचा दुसरा भाग लोक विसरतात, पण इथे नेमका तोच लागू होता. हलवलं नाही तर काहीच उरणार नव्हतं.

आपल्याकडे असे निर्णय धरणांच्या निमित्ताने झालेत. श्रीशैलम धरणाच्या पाण्यात जाणारं कूडवेल्लीचं संगमेश्वर मंदिर उतरवून आलमपूरला उभारलं. उजनीत मात्र पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यातच राहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचं शिखर दिसतं आणि लोक होडीने बघायला जातात. दोन्ही बघितल्यावर कुठला निर्णय बरोबर, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही. पळसदेवला जागा शाबूत आहे, वापर गेला. आलमपूरला वापर आहे, नदीचा संगम गेला.

किमरिजला निकाल लावणारा मुद्दा वेगळाच होता. मनोऱ्याची जबाबदारी लँडमार्क ट्रस्टने घेतली. ही १९६५ साली सुरू झालेली ब्रिटिश धर्मादाय संस्था. पद्धत सरळ आहे: पडायला आलेली, कुणालाच नको असलेली जुनी इमारत घ्यायची, नीट दुरुस्त करायची, आणि थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी भाड्याने द्यायची. भाड्यातून देखभाल. सफकमधला ऑल्डबराचा मार्टेलो टॉवर त्यांनी १९७१ सालीच घेतला होता. नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीने बांधलेला तो विटांचा अजस्र तोफबुरूज आज सुट्टीचं घर आहे. त्यामुळे समुद्राकाठचा मनोरा चालवायचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

म्हणजे मनोरा उतरवण्याआधीच तो पुन्हा उभा राहिल्यावर रोज सकाळी त्याच्या खिडक्या उघडणार कोण, हे ठरलेलं होतं. माझ्या मते हाच या प्रकरणातला खरा निर्णयबिंदू. वापर आधी ठरला म्हणून खर्च मागता आला, आणि मागितलेला खर्च पटवता आला.

आणखी एक गोष्ट सोयीची होती. आतलं सगळं आगीत गेलेलं असल्याने नव्या वापरासाठी जुनं काही तोडावं लागलं नाही. शाबूत अंतर्भाग असता तर न्हाणीघर आणि नळ कुठून न्यायचे यावरच वर्ष गेलं असतं. आगीने वाद वाचवला असं म्हणणं क्रूर आहे, पण खरं आहे.

मग २५ मीटरच का? अडीचशे का नाही? सुरक्षित जागा हवी तर आणखी मागे जाणं शहाणपणाचं. पण मागे जात गेलं की समुद्रावरून दिसणारी आकृती जाते आणि मनोऱ्यातून दिसणारा उपसागर जातो. ज्या कामासाठी किनारारक्षकांनी ही जागा घेतली ते कामच पुसलं जातं. कड्यापासून फार लांब उभा केलेला टेहळणी मनोरा म्हणजे शेतातलं गोल घर. २५ मीटर हा आकडा भूगर्भशास्त्र आणि दृश्य यांच्यातली तडजोड आहे, आणि तडजोड म्हणून तो मला पटतो.

काम

सुटं करणं हे पाडण्यापेक्षा कितीतरी अवघड. अशा कामात आधी सगळी भिंत कागदावर उलगडतात, जणू गोल डबा कापून सपाट केला. प्रत्येक थर, थरातला प्रत्येक दगड मोजतात आणि त्याला क्रमांक देतात. क्रमांक दर्शनी बाजूला घालत नाहीत, तिथला रंग कायम दिसत राहतो. दगडाच्या लपणाऱ्या बाजूवर घालतात.

गोल इमारतीची आणखी एक खोड आहे. एका थरातले घडीव दगड एकसारख्या वळणाचे असतात, त्यामुळे वाटतं की कुठलाही कुठेही बसेल. बसतोही. पण पावणेदोनशे वर्षं ज्या दगडाने नैर्ऋत्येचा खारा वारा खाल्ला, त्याचा चेहरा झिजलेला असतो. उत्तरेकडचा अजून कडक असतो. दोघांची अदलाबदल झाली तर लांबून काही कळत नाही. जवळ जाऊन हात फिरवला की कळतं, दरजेपाशी, म्हणजे दोन दगडांच्या सांध्यापाशी, बोट अडखळतं. म्हणून थराइतकीच दिशाही जुळवावी लागते. चांगल्या गवंड्याला हे सांगावं लागत नाही, तो दगड उचलतानाच अंगठ्याने चाचपतो.

आणि चुना. सिमेंट घातलं असतं तर काम लवकर उरकलं असतं. पण सिमेंट दगडापेक्षा कडक. भिंत जरा हलली की चिरतो तो दगड, आणि आत शिरलेलं खारं पाणी बाहेर पडायला वाट नाही. चुना हा दगडापेक्षा मऊ राहतो, स्वतः झिजतो, दगडाला वाचवतो. शिवाय पुढे कधी भिंत पुन्हा सोडवायची वेळ आली तर चुन्यातला दगड सुटतो. सिमेंटमधला फोडावा लागतो. सागरी किल्ल्यांच्या दुरुस्तीत आपल्याकडेही हा धडा बराच उशिरा, आणि बऱ्याच करड्या ठिगळांनंतर, गिरवला गेला.

पुनर्बांधणीला दीडेक वर्ष लागलं.

काय झालं

२००८पासून मनोरा दोघांच्या मुक्कामाला मिळतो. फक्त दोघांच्या. आत दूरदर्शन संच नाही, वायफाय नाही. संस्थेचा तो शिरस्ताच आहे. उपसागरापासून चढ चढून जावं लागतं. इतकं असूनही तो संस्थेच्या सर्वांत मागणी असलेल्या जागांपैकी एक आहे. आत राहणारं माणूस असल्याने गळती लगेच कळते, ओल लगेच दिसते. रिकाम्या स्मारकात हीच गोष्ट पाच वर्षांनी कळते, तीही निविदा निघाल्यावर.

हे वाचताना काहींना सप्टेंबर २०१९ आठवला असेल. महाराष्ट्रातले २५ किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देणार अशी बातमी आली आणि गदारोळ झाला. सरकारला खुलासा करावा लागला की छत्रपती शिवाजी महाराजांच्या इतिहासाशी जोडलेले किल्ले यात नाहीत. लोकांचा राग मला चुकीचा वाटला नाही. ज्या जागेवर सगळ्यांचा हक्क आहे तिथे कुलूप लागणार, ही भीती होती. किमरिजचा मनोरा मुळातच एका खासगी इस्टेटीतली हौस होता, तिथे कुणाच्या अस्मितेला धक्का लागण्याचा प्रश्न नव्हता. त्यामुळे हे उदाहरण उचलून सरळ एखाद्या जलदुर्गावर चिकटवायला जाऊ नये.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक सत्तर वर्षांची आहे. आगीनंतर लगेच साधं छप्पर घातलं असतं तर भिंती पोकळ, ओल्या राहिल्या नसत्या, आणि बेल टाउटसारखा अख्खा मनोरा मागे नेण्याचा पर्याय कदाचित खुला राहिला असता. मग दगड सुटे करायची वेळ आली नसती. अशा इमारतींचा पैसा दुरुस्तीत जातो त्याहून जास्त वाट बघण्यात जातो, फक्त तो कुणाच्या हिशेबात दिसत नाही.

दुसरी गोष्ट लोकांच्या वावराची. संस्था वर्षातले मोजके दिवस मनोरा सगळ्यांना आतून बघायला खुला ठेवते. ते चांगलं आहे, पण पुरेसं नाही. कडेने चालणारा माणूस बाहेरून बघून पुढे जातो आणि वरच्या खोलीतून समुद्र कसा दिसतो हे भाडं भरणाऱ्यालाच कळतं. तळमजल्याची एक खोली, अगदी छोटी का होईना, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवता आली असती का? चार खोल्यांच्या इमारतीत एक सोडणं म्हणजे चौथाई जागा, याची मला कल्पना आहे. भाड्याचं गणित कोलमडलं असतं, असं उत्तर मिळेल. तरी हा प्रश्न विचारायला हवा होता असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट 'अस्सल' या शब्दाची. दगड तेच, आकार तोच, पण आज त्या मनोऱ्याच्या सगळ्या दरजा एकाच वयाच्या आहेत. १८३०च्या गवंड्याने कुठे घाई केली, किनारारक्षकांनी कुठे ठिगळ लावलं, हे भिंतीवरून वाचता येत नाही. ते आता फक्त उतरवतानाच्या नोंदीत आहे. हार्डीला जुन्या चर्चेसबद्दल जी हळहळ वाटली ती अशीच काहीशी असावी.

कडा अजून पडतोच आहे, आणि २५ मीटरही कधीतरी संपतील. पण तेव्हा जो कुणी मोजपट्टी घेऊन उभा असेल त्याला सुरुवातीपासून सुरुवात करावी लागणार नाही. चुना सोडवता येईल असा आहे आणि मनोरा सुटा करून जोडण्याची पद्धत एकदा करून पाहिलेली आहे.